तीसपैकी सत्तावीस मिळाले म्हणजे स्मरणशक्ती ठीक आहे असं होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती, कारण मधला भाग कापला तर ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना त्याचा उपयोग होणार नाही. विषय असा की विसरणाऱ्या माणसाला सविस्तर टेस्टला कधी पाठवायचं. लिहितोय नाशिकमधल्या डॉक्टरांसाठी, त्यातही फॅमिली डॉक्टरांसाठी, आणि ज्यांच्या घरात हल्ली कोणीतरी 'फार विसरतंय' त्या सगळ्यांसाठी.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आज ७४ वर्षांचे आहेत. शिक्षण सातवी. चाळीस वर्षं पंचवटीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी होते. टोमॅटोचे क्रेट किती आले, भाव काय लागला, हमाली तोलाई जाऊन शेतकऱ्याच्या हातात किती पडले, हे सगळं कागदावर यायच्या आधी त्यांच्या डोक्यात तयार असायचं. दिंडोरीकडचे जुने शेतकरी अजून सांगतात की अण्णांच्या पट्टीत, म्हणजे हिशोबाच्या कागदात, कधी रुपयाची चूक निघाली नाही.

बदल पहिल्यांदा आईच्या लक्षात आला, साधारण तीन वर्षांपूर्वी. दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले, तो माणूस चांगला म्हणून त्याने परत आणून दिले. मग पिंपळगावला माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं, आम्ही सगळे गेलो, अण्णा पंगतीत आग्रह करत फिरले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आईला विचारतात, लग्न कधी आहे गं, आहेर काय द्यायचा ठरवलंय? आई आधी हसली, तिला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसली. मला फोन केला तेव्हा तिचा आवाज बसला होता.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. नाव लिहित नाही, माणूस चांगला आहे, आमच्या घरच्यांचा बीपी शुगर इतकी वर्षं त्यांनीच सांभाळलाय. ते म्हणाले वय ७१, एवढं चालायचंच. मी हटून बसलो तेव्हा त्यांनी टेबलावरच्या कागदावरून ती छोटी तपासणी केली, आणि ती तरी केली याबद्दल मी त्यांचे आभारच मानीन, कारण बऱ्याच ठिकाणी तेवढीही होत नाही. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, कितव्या मजल्यावर बसलोय. अण्णांनी पटापट सांगितलं. तीन शब्द सांगितले, ते त्यांनी म्हणून दाखवले. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, तर अण्णा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट असं एका दमात म्हणून मोकळे, डॉक्टरांचं पेन पण तेवढ्या वेगाने चाललं नाही. मग विचारलं, मघाशी तीन शब्द सांगितले होते ते कोणते? अण्णांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाले, कुठले शब्द?

बाकी सगळं बरोबर आलं. ३० पैकी २७. डॉक्टर म्हणाले एकदम नॉर्मल, २४ च्या वर म्हणजे काळजी नाही, बी कॉम्प्लेक्स घ्या, सकाळी फिरायला जा. आम्ही पण सुटलो एकदाचं म्हणून घरी आलो.

आता हा हिशोब मी नंतर समजून घेतला तो सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं यातच आहे. या तपासणीला एमएमएसई म्हणतात, १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. ३० मार्कांची. त्यात १० मार्क तारीख वार गाव ओळखण्याला, ५ वजाबाकीला, ८ भाषेला, १ आकृती काढायला, ३ शब्द लगेच म्हणून दाखवायला. आणि थोड्या वेळाने ते शब्द आठवण्याला किती? फक्त ३. म्हणजे माणसाच्या डोक्यात नवीन काहीच टिकत नसेल, तिन्ही शब्द पुसले गेले असतील, तरी बाकीचं जमलं तर त्याला २७ मिळतात आणि तो पास होतो. अण्णांचे नेमके तेच तीन मार्क गेले होते. त्या कागदावर त्यांचा आजार स्पष्ट लिहिलेला होता, फक्त बेरीज केल्यामुळे तो दिसेनासा झाला. आणि दिवाणजीला वजाबाकी विचारायची म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला गुडघाभर पाण्यात उतरवून त्याचा दम तपासण्यासारखं आहे.

डॉक्टरांनी त्या दिवशी एवढंच बघायला हवं होतं की घरचे काय सांगतायत आणि मार्क काय सांगतायत यांचा मेळ बसतोय का. नाही बसला की तिथेच चिठ्ठी लिहायची, सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीची, म्हणजे स्मरण, लक्ष, भाषा हे सगळं वेगवेगळं तपासणाऱ्या टेस्टची. बायको सांगते लग्नाला जाऊन आल्याचं आठवत नाही, आणि कागद म्हणतो नॉर्मल, तर बायकोचं खरं धरायचं. ती चोवीस तास बघते, कागद दहा मिनिटं बघतो. उलट पेशंट स्वतः मला काही होत नाहीये म्हणत असेल आणि घरचे अस्वस्थ असतील तर ती आणखीनच मोठी खूण आहे, कारण या आजारात आपण विसरतोय हेच बऱ्याच जणांना कळेनासं होतं.

पुढची अडीच वर्षं काय गेली ते थोडक्यात सांगतो. अण्णांनी ओळखीच्या एकाला उसने पैसे दिले, वहीत नोंद नाही, पुन्हा दिले, पुन्हा नोंद नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या पै पैची नोंद ठेवणारा माणूस! बँकेच्या चेकबुकवरून घरात भांडणं झाली, मी त्यांना नको ते बोललो, तुम्ही लपवाछपवी करताय असं म्हणालो. हे आठवलं की अजून घशात अडकतं. शेवटी एका एकादशीला रामकुंडावर जातो म्हणून गेले ते निमाणीच्या स्टँडवर बसलेले सापडले, घर पायी दहा-पंधरा मिनिटांवर, पण कुठल्या बाजूला जायचं ते सुचेना.

तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी रक्ततपासण्या, एमआरआय सांगितला आणि सोबत ती सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट लिहून दिली. नाशिकमध्ये ती मराठीतून पूर्ण कुठे करतात हे आम्ही चार ठिकाणी विचारलं, कोणी नीट सांगू शकलं नाही, म्हणून शेवटी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली.

ती टेस्ट कशी असते हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं मशीन लावतात किंवा वेडाची तपासणी असते. तसं काही नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, कागद पेन्सिल आणि समोर एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ताई. मध्ये चहाची सुट्टी धरून तीन तास लागले. मी सुरुवातीला थोडा वेळ मागे बसलो होतो, मग त्यांनी मला बाहेर पाठवलं, कारण अण्णा प्रत्येक उत्तराला माझ्या तोंडाकडे बघत होते. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचली आणि प्रत्येक वेळी किती आठवले ते लिहून घेतलं. एक छोटी गोष्ट सांगितली. एका मिनिटात जनावरांची नावं सांगा, आकडे उलटे म्हणा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, चित्र बघून काढा. मध्ये अर्धा तास दुसऱ्याच गोष्टी करायला लावल्या आणि मग पुन्हा त्या यादीवर आणि गोष्टीवर आल्या.

नंतर ताईंनी मला आत बोलावून समजावलं. गोष्ट सांगून झाल्यावर लगेच अण्णांनी अर्ध्याहून जास्त सांगितली होती, छान रंगवून. अर्ध्या तासाने विचारलं तर म्हणाले, ताई तुम्ही गोष्ट सांगितलीच नाहीत. पंधरा शब्दांतला एकही आला नाही. मग ताई एकेक शब्द म्हणून विचारत गेल्या, हा यादीत होता का? तर नसलेल्या शब्दांनाही हो, होता म्हणाले. ताई म्हणाल्या मला हेच बघायचं होतं. उदास असलेला माणूस, झोप न झालेला माणूस, लहान लहान स्ट्रोक झालेला माणूस पण यादी विसरतो, पण खूण दिली की बहुतेक वेळा त्याला ओळखता येते, म्हणजे माल गोदामात असतो, फक्त सापडत नसतो. इथे माल गोदामात गेलेलाच नाही. मेंदूच्या ज्या भागात नवीन आठवण पक्की होते, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला, त्याची ही तक्रार असते, अल्झायमरमध्ये साधारणपणे सुरुवात इथूनच होते. आणि वजाबाकी, भाषा, बोलणं चालणं त्यांचं अजून उत्तम आहे, म्हणून कोणाला काही कळलं नाही. एकट्या टेस्टवर निदान होत नाही हेही त्यांनी बजावलं, एमआरआय, रक्त, घरच्यांची माहिती हे सगळं एकत्र ठेवून न्यूरॉलॉजिस्टनी ठरवलं. पण दहा मिनिटांची तपासणी आणि ही टेस्ट यात काय फरक असतो ते मला त्या दिवशी कळलं.

आता याची दुसरी बाजू, नाहीतर कोणी म्हणेल सरसकट सगळ्यांना टेस्टला पाठवा असं माझं म्हणणं आहे. तसं नाही. आमच्या शेजारच्या काकू, वय ६८, त्यांना पण विसरतात म्हणून मुलाने कुठेतरी टेस्ट करून घेतली आणि 'स्मृतिभ्रंश' असा शिक्का घेऊन आला. घरात रडारड. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून बघितलं. काकू शाकाहारी, शुगरसाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू, त्या गोळीने बी१२ कमी होतं हे ठाऊक असून कोणी तपासलं नव्हतं, ते फारच कमी निघालं. कानांनी नीट ऐकूच येत नव्हतं, म्हणजे टेस्टमधले शब्द कानात शिरलेच नाहीत तर आठवणार कुठून! आणि वारंवार लघवी होते म्हणून एक गोळी आणि झोपेची एक गोळी, दोन्ही म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर झापड आणणाऱ्या. इंजेक्शनं सुरू केली, गोळ्या बदलल्या, कानाला मशीन लावलं. चार महिन्यांत काकू पुन्हा भिशीचा हिशोब ठेवायला लागल्या.

म्हणून डॉक्टरांना हात जोडून सांगणं आहे की पाठवायच्या आधी बी१२, थायरॉइड, सोडियम, शुगर बघा, कान आणि चष्मा बघा, गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावा. आणि माणूस दोन-चार दिवसांत अचानक बरळायला लागला, लघवीचं इन्फेक्शन झालंय किंवा खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि रात्री ओळखेनासा झालाय, तर ती टेस्टची वेळच नाही, तो डिलिरियम असतो, आधी त्याचं कारण शोधून उपचार करायचा. डोक्याला मार लागून महिन्याभराने विसरायला लागला तर स्कॅन आधी, आत रक्त साकळलेलं असू शकतं. तसंच ज्यांना आता घरातली माणसंही ओळखता येत नाहीत त्यांना तीन तास छळून काय मिळणार, तिथे निदान डोळ्यासमोर आहे, घरच्यांना मदत द्या.

तरुणांचं तर कोणी धरतच नाही. माझा भाचा ३४ चा, अंबडला सीएनसी ऑपरेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन चालवतो, हायवेवर गाडीवरून पडला, सीटी स्कॅन नॉर्मल, टाके काढले आणि फिट म्हणून कामावर. सहा महिने झाले तरी प्रोग्रॅमच्या स्टेप्स डोक्यात राहिनात, दोन जण एकदम बोलले की गोंधळ, सुपरवायझर म्हणे कामचुकारपणा करतो. डोक्याला मार लागल्यावर बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत ठीक होतं, पण ज्याचं होत नाही त्याला पाठवायलाच हवं. त्याच्या टेस्टमध्ये निघालं की स्मरण चांगलं आहे, लक्ष आणि वेग कमी पडतोय. त्या रिपोर्टवर कंपनीने त्याला काही महिने हलकं काम दिलं. रिपोर्ट नसता तर नोकरी गेली असती. स्ट्रोकनंतर, फिट्सच्या पेशंटमध्ये, पन्नाशीतल्या माणसाचा स्वभावच बदलला, पैसे उधळायला लागला, कोणाशी कसं बोलायचं ते सुटलं, अशा वेळीही पाठवायला हवं, मग स्मरण वरवर चांगलं दिसत असलं तरी. आणि ज्याच्या हातात व्यवहार आहे, सह्या आहेत, शेतजमिनीचे कागद आहेत, तो सही समजून करतोय की नाही हा प्रश्न घरात उभा राहायच्या आत.

चिठ्ठीबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्या चिठ्ठीवर फक्त 'मेमरी टेस्ट' एवढंच होतं. ताई म्हणाल्या रोज अशाच येतात. माणूस किती शिकला, काय काम करत होता, घरात कोणती भाषा बोलतो, त्रास कधीपासून, हळूहळू की अचानक, गोळ्या कोणत्या, कान डोळे कसे, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय जाणून घ्यायचंय, उदासीमुळे की आजारामुळे, व्यवहार करू शकेल का, कामावर जाऊ शकेल का. एवढ्या पाच ओळी लिहिल्या तर रिपोर्टमध्ये उत्तर मिळतं, नाहीतर नुसते आकडे मिळतात. घरच्यांनीही चष्मा, कानाचं मशीन सोबत न्यावं, आदल्या रात्री झोपू द्यावं, नाश्ता करून न्यावं, आणि रोज सोबत राहणारं माणूस बरोबर जावं. आणि कृपा करून रिक्षात बसून आज तारीख काय, पंतप्रधान कोण अशी घोकंपट्टी करून घेऊ नका. मी केली होती. त्याने वडील पास होत नाहीत, निदान लांबतं. याच कारणाने तीच टेस्ट लगेच दोन महिन्यांनी पुन्हा करत नाहीत, सवयीने मार्क वाढतात, कमीत कमी सहा महिने ते वर्ष जाऊ देतात.

भाषेचा प्रश्न तर फारच मोठा आहे. सातवी शिकलेल्या माणसाला इंग्रजीवरून केलेली टेस्ट, आणि मार्क तोलायचे पदवीधरांच्या मापाने, हा अन्याय आहे. एमओसीए नावाची तपासणी आहे, २००५ पासूनची, तिच्यात बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक मार्क वाढवून देतात, पण शाळेचं तोंड न बघितलेल्या आजीला एका मार्काने काय होणार! न शिकलेल्यांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला हिंदीत वेगळी तपासणी तयार केली गेली, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेची स्वतःची टेस्ट बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, भारतीय भाषांमध्ये टेस्टचा संच केला तेव्हा पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या, मराठी नव्हती. आपल्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे म्हसरूळला आहे, मराठी माणसाचं वय, शिक्षण, खेडं शहर धरून माप ठरवायचं काम इथून का होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

देशात साठीच्या वरच्या शंभरातल्या साधारण ७.४ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे असा लासी-डॅड नावाच्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये छापून आला, म्हणजे ८८ लाख माणसं. ती सगळी कोणत्या ना कोणत्या फॅमिली डॉक्टरकडे बीपीच्या गोळ्यांसाठी जातच असणार.

लोक मला म्हणतात की कळून तरी काय फायदा, औषध तर नाही. बरं करणारं औषध नाही हे खरंय. पण अण्णांना तेव्हाच कळलं असतं तर त्यांनी स्वतः, शहाणपणाने, स्वतःच्या अक्षरात सगळं लिहून ठेवलं असतं, कोणाकडून किती येणं आहे, घराचं काय करायचं, बँकेत कोणाला बरोबर न्यायचं. तेवढी अडीच वर्षं त्यांच्याकडे होती. आणि मी त्यांच्यावर ओरडलो नसतो.

हल्ली गोळी चालू आहे, सकाळी आई त्यांना जुन्या पट्ट्यांची वही देते, ते आकडे तपासतात आणि अजूनही चूक करत नाहीत म्हणजे नाहीत.

आपल्याला एक विनंती आहे. सिव्हिलमध्ये, महापालिकेच्या दवाखान्यात आणि खाजगीत मिळून नाशिक जिल्ह्यात ही सविस्तर टेस्ट मराठीतून कुठे होते, कोणत्या वारी, फी किती, करणारे रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, ही माहिती आपल्या वार्ताहरांकडून गोळा करून एकदा छापा. २१ सप्टेंबरला अल्झायमर दिन असतो, तेव्हा छापली तरी चालेल, पण त्याआधी जमली तर फार बरं होईल. मालेगाव, येवला, सुरगाण्याच्या माणसाला मुंबईची गाडी पकडणं आमच्याइतकं सोपं नाही.

आपला,
एक वाचक
पंचवटी, नाशिक